भाव न करणारे गिऱ्हाईक

फसवणुकीचे किस्से कोणी हौसेने जमवीत नाही. उन्हाळ्यात अंगणावर धूळ साचते तसे ते साचतात. सकाळी झाडावे आणि दुपारी पुन्हा दिसावे. आमच्या बचत गटात अकरा बायका आहेत. पापड लाटताना हात गुंतलेले असतात आणि तोंडे मोकळी असतात, त्यामुळे फोनवरून कोणी कोणाला कसे बनवले, हे आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी कळते. पूर्वी मी अशा गोष्टी एका वहीत टिपून ठेवीत असे. ती वही भरली. नवी आणण्याचा उत्साह आता उरलेला नाही.

मी या गटाची सचिव. जुन्या अकरावीची मॅट्रिक असल्यामुळे हे पद माझ्याकडे आले आणि पुष्कळदा देऊ केले तरी कोणी घेत नाही. आमचे गाव टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडे आत. नाचणीचे पापड आणि तांदळाच्या कुरडया हा आमचा माल. थोडा रस्त्यालगतच्या मांडवात विकला जातो आणि बाकीचा फोनवरच्या ऑर्डरींवर कल्याण-डोंबिवलीला जातो. ऑर्डरींचा फोन एकच, गटाचा. तो कोणा एकीची मिरास होऊ नये म्हणून मी नियम केला की दर आठवड्याला तो एकेकीच्या घरी राहील. हा नियम मला त्या वेळी फार न्याय्य वाटला होता.

*

पहिला किस्सा साड्यांचा. तालुक्याच्या प्रदर्शनात सगळ्यांनी एकसारख्या साड्या नेसाव्यात, असा ठराव झाला. वनिता ही आमच्यातली सर्वांत धाकटी, दहावी पास, फोनची जाणकार आणि जिभेची तिखट. तिने फोनवर एक जाहिरात काढून दाखवली. अस्सल पैठणी, किंमत चारशे नव्व्याण्णव!

मी म्हटले, "वनिता, या किमतीत पैठणीचा नुसता काठसुद्धा येत नाही."

"बाई, तुमचा जमाना गेला. आता डायरेक्ट कंपनीकडनं येतं, मधला माणूस नाय!"

मी विरोध नोंदवला आणि बहुमताने हरले. पार्सल आले. आधी पैसे, मग पार्सल, अशी पद्धत. उघडून पाहण्याची सोय नाही. उघडले तेव्हा आत खिडकीच्या पडद्याचे कापड होते, आणि तेही मधोमध जोडलेले.

वनिताने इंटरनेटवर त्या कंपनीचा तक्रारीचा नंबर शोधला. फोन घेणारा गृहस्थ अतिशय गोड होता. पैसे लगेच परत करतो म्हणाला. फक्त फोनवर एक कोड येईल तेवढा सांगा. वनिताला कसलीशी शंका आली असावी. तिने फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटले, "आपले पूर्ण नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा पत्ता सांगा. मी रीतसर अर्ज पाठवते."

"मॅडम, अर्ज नको, फक्त कोड सांगा."

"अर्ज न घेता पैसे परत करणारे कार्यालय मी आजवर पाहिलेले नाही."

त्याने फोन ठेवून दिला.

त्या कापडावर आम्ही आता कुरडया वाळत घालतो. कोणी पाहुणी आली की वनिता तिला मुद्दाम अंगणात नेते आणि म्हणते, "बघा हो, पैठणीवर कुरडया वाळताना कुठं बघितल्यात का?"

*

दुसरा किस्सा भवानीचा. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानीच्या गिऱ्हाईकाला टोकायचे नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. ती ज्याला कोणाला कळली, त्याने तिचा बरोबर उपयोग केला.

एका रविवारी सकाळी मांडव नुकताच उघडला होता. मोटारीतून एक जोडपे उतरले. पापडांची आठ पाकिटे घेतली आणि पैसे फोनवरून दिले म्हणून पडद्यावरची हिरवी खूण दाखवली. आमच्या फोनवर काहीच आले नव्हते. वनिताने ते पाहिले, पण बोलली नाही. मोटार घाटाकडे निघून गेली. पैसे आजतागायत घाटातच आहेत.

मी विचारले, "तू त्यांना थांबवले का नाहीस?"

"बाई, भवानीला कसं टोकू? दिवस खराब गेला असता!"

"आणि आता कसा गेला?"

मी भिंतीवर नियम लावला: भवानी रोखीनेच घ्यावी.

पुढच्याच रविवारी डोंबिवलीचे एक वयस्कर गृहस्थ पत्नीसह आले, तेही पहिलेच. खिशात एक नोट नाही. सगळे व्यवहार म्हणे फोनवर. वनिताने नियमावर बोट ठेवले. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. मग आम्ही दुसरे होतो."

आणि दोघे बाकावर बसले! पहिले गिऱ्हाईक यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात त्यांनी शेजारच्या ढाब्यावरून चहा मागवला आणि एक कप वनितालाही दिला. शेवटी एक ट्रकवाला येऊन दहा रुपयांचा पापड भाजून मागू लागला, तेव्हा त्या बाई टाळ्या वाजवीत उठल्या.

लबाडाला आठ पाकिटे विनासायास मिळाली. सज्जनाला पाऊण तास बसावे लागले. यावर मी पूर्वी पुष्कळ संतापले असते. आता नुसते दमायला होते.

*

तिसरा किस्सा हिराबाईंचा, आणि यापुढचे सगळेच त्यांचे.

हिराबाई वरच्या वाडीवर राहतात. वय साठीच्या पुढे. त्यांच्या हातची कुरडई तळली की फुलासारखी उमलते. आमचा निम्मा धंदा त्या कुरडईवर उभा आहे. अक्षरओळख मात्र नाही, आकडेही वाचता येत नाहीत. मग फोनचा पिन त्यांनी लक्षात कसा ठेवावा? त्यांनीच युक्ती काढली. फोनवर नऊ आकडे तीन ओळींत असतात, त्यांना त्यांनी रांगोळीचे ठिपके मानले. कोणत्या ठिपक्यावरून कोणत्या ठिपक्यावर जायचे, ते त्यांच्या बोटाने पाठ केले. डोळे मिटूनही चुकत नसत.

त्यांच्या आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. बँकेतून बोलतोय, तुमचे खाते बंद होणार आहे, पिन सांगा. पुढचे संभाषण हिराबाईंनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवले आहे की मला ते तोंडपाठ आहे.

"पिन मला नाय माहीत रे दादा. माझ्या बोटाला माहीत हाय."

"आजी, आकडा सांगा. पहिला आकडा कोणता?"

"आकडा नाय, ठिपका हाय. वरच्या अंगाला."

"वरच्या म्हणजे डावीकडे की उजवीकडे?"

"मी बसलेय तशी, की तू बसलायस तसा?"

असे अर्धा तास चालले. तो बिचारा घामाघूम झाला असावा. शेवटी त्याने विचारले, "आजी, घरात कोणी शिकलेलं नाही का?"

"घरात नाय. पण आमच्या बाई हायत ना, मॅट्रिक झालेल्या. खाली गावात. त्या आता झोपल्या असतील. उठवू?"

"उठवा, उठवा!"

"उठवते. पण सांगून ठेवते, त्या तुला लय रागावतील."

फोन बंद झाला. आम्ही दोन दिवस हसत होतो. मीही हसले. इतकी सुरक्षित तिजोरी कोणत्या बँकेकडे असेल, असे मी सभेत म्हटलेसुद्धा. ते शब्द मला पुढे फार टोचले.

*

कारण त्यानंतर ज्याने फोन केला, त्याने आकडा विचारलाच नाही.

तो एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनचा मॅनेजर होता, म्हणजे तसे म्हणाला. साठ किलो कुरडया हव्यात आणि पैसे आगाऊ. फोन पुन्हा हिराबाईंकडेच होता, आणि मागणी त्यांच्याच कुरडईची. त्यांना किती आनंद झाला असेल!

तो म्हणाला, "मावशी, कंपनीचा नियम आहे. मी एक चौकटींचं चित्र पाठवतो. ते वनिताताईंच्या फोनवर उघडा आणि गटाच्या फोनने त्याचा फोटो घ्या. मग तुमचे ते ठिपके काढा, की पैसे तुमच्याकडे येतील." आधी एक रुपया पाठवूनही दाखवला. ठिपक्यांचे त्याला आधीच्या फोनवाल्याकडून कळले असावे, पण वनिताचे नाव आणि नंबर कुठून कळला? आमच्या पाकिटांवर हिराबाई आणि वनिता, दोघींचीही नावे आणि वनिताचा नंबर छापलेला आहे. ती कल्पना माझीच.

वनिता शेतावर गेली होती. तिच्या सासूने फोन दिला. हिराबाईंनी चित्राचा फोटो घेतला आणि ठिपके काढले. पैसे आले नाहीत. तो म्हणाला, नेटवर्क नाही, पुन्हा काढा. त्यांनी पुन्हा काढले. तीनदा काढले.

चोवीस हजार गेले. मांडवात उभे राहून दोन हंगामांत जमवलेले, चक्की घेण्यासाठी ठेवलेले.

त्याच दिवशी एसटीने मुरबाडला जाऊन मी आणि वनिताने बँकेत आणि पोलिसांत तक्रार नोंदवली. परत आलो, तो हिराबाई माझ्या ओट्यावर बसलेल्या. फोन त्यांनी पदरात गुंडाळून आणला होता. तो माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही.

"बाई, मी ठिपके बरोबर काढले," एवढेच म्हणाल्या.

आमच्या कामाच्या खोलीत भिंतीवर मी अकरा नियम लावलेले आहेत. पुठ्ठ्यावर, सुवाच्य अक्षरात, शीर्षकाखाली तांबडी रेघ. सातवा नियम असा: पिन केवळ पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. हिराबाई वर्षभर रोज त्याच पुठ्ठ्याखाली बसून कुरडया घालत होत्या. तो त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. लिहिणारीनेही नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून हिराबाई येईनात. चौथ्या दिवशी आल्या आणि आत न येता दारातच बसल्या.

"काम करीन, पण वाटा घेणार नाय. चोवीस हजार फिटंपर्यंत नाय."

आम्ही ठराव केला की नुकसान गटाचे आहे, एकीचे नाही. मी तो ठराव या खेपेला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि हंगामाच्या शेवटी आपला वाटा माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. फोन वाजला की त्या हात पाठीमागे घेत. आमच्या खोलीतला त्यांचा पाट तसाच रिकामा राही, आणि त्यावर कोणीही बसत नसे.

एका दुपारी कुरडया उलथताना त्या मध्येच थांबल्या. "मी तवाच वळखायला पायजे होतं. त्यानं भाव नाय केला."

"म्हणजे?" वनिताने विचारले.

"साठ किलो घेणारा माणूस, अन् एक रुपया कमी करा म्हणला नाय. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो भाव करतो गो! ज्याला घ्यायचंच नाय, त्याचं काय जातंय?"

माझ्या अकरा नियमांत एवढे शहाणपण कोठेही नव्हते. मी बारावा नियम लिहिला, भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाला माल देऊ नये, आणि वाचूनही दाखवला.

वनिताने तो इतक्या कडकपणे पाळला की विचारू नका. कल्याणच्या एक प्राध्यापक बाई होत्या. मुलीच्या लग्नाच्या रुखवतासाठी पापड हवे होते. भाव ऐकला आणि म्हणाल्या, "ठीक आहे, पाठवा." वनिताने फोन कापला! त्यांनी पुन्हा केला, पुन्हा कापला. शेवटी आसनगावला राहणाऱ्या त्यांच्या एका नातलगाने ओळख काढून आमच्यापर्यंत निरोप पोहोचवला आणि खरे कारण त्यांना सांगितले. मग बाईंचा फोन आला.

"अहो, दहा रुपये कमी करा ना," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "मला हे जमत नाही हो. मी भाजीवाल्याशीसुद्धा करत नाही."

"अजून पाच मागा, मॅडम!" वनिता म्हणाली. "मग पक्कं."

दारात बसलेल्या हिराबाई तेव्हा किंचित हसल्या. पण आत काही आल्या नाहीत.

*

आता शेवटचा किस्सा.

तक्रारीला किती महिने झाले, ते मोजणे मी सोडून दिले होते. एके दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पोलिस ठाण्यातून हवालदार बोलतोय. तुमच्या चोवीसपैकी एकोणीस हजार वाटेत एका खात्यात अडकवून ठेवले होते. परत देण्याचा कोर्टाचा आदेश झाला आहे. सही करायला या."

वनिता म्हणाली, "असं? परवा आमच्याकडं सीबीआयवाले आलेले फोनवर. त्याच्या आदल्या दिवशी जज्ज. तुम्ही फारच खालचे निघालात!" आणि फोन कापला.

तो पुन्हा आला. पुन्हा कापला. त्यांनी गणवेशातला स्वतःचा फोटो पाठवला.

"वर्दी सगळ्यांकडंच असते," वनिता म्हणाली आणि नंबर ब्लॉक केला.

आठवड्याने एक मोटरसायकल अंगणात येऊन थांबली. गणवेशातले एक पोक्त हवालदार उतरले. हेल्मेट काढले, घाम पुसला आणि म्हणाले, "मी तोच खालचा. हिराबाई कोण?"

दारात बसलेल्या हिराबाईंच्या हातातला सोऱ्या खाली आला. त्यांना वाटले, न्यायलाच आले.

हवालदारांनी कागद काढले. व्यवहार ज्यांच्या हातून झाला, त्यांचा जबाब आणि अंगठा हवा. बाकी सचिवांची सही. हिराबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अंगठा नाय देणार. मागल्या खेपेला नुसतं बोट दिलं तर चोवीस हजार गेले."

"अहो आजी, पैसे द्यायला आलोय, घ्यायला नाही!"

"तो पण हेच म्हणत होता."

मी कागद मागून घेतले आणि दोनदा वाचले. शिक्का होता, जावक क्रमांक होता, आदेशाची भाषा बरोबर होती. मी म्हटले, "हिराबाई, कागद खरा आहे. मी स्वतः वाचला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला जड गेले.

"बाई, तुमाला जे वाचता येतं, ते त्यांना लिवता पण येतं."

हवालदार थकले. मटकन ओट्यावर बसले आणि पाणी मागितले. वनिताने तांब्या दिला, तोही लांबूनच. कागदांची घडी घातली, खिशात ठेवली. निघायला म्हणून उठले, तेव्हा त्यांची नजर अंगणातल्या त्या पैठणीवर गेली.

"या कुरडया कशा दिल्या?"

"दोनशे चाळीस किलो," वनिता म्हणाली.

"दोनशे चाळीस? कुरडईला? अहो, धसईच्या बाजारात एकशे नव्वदनं ढीग लागलेत!"

पदराखाली काहीतरी हलले. "त्या पिठाच्या असतात," हिराबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "ह्या तीन दिवस भिजवलेल्या तांदळाच्या हायत."

"असतील. दोनशे करा, दोन किलो घेतो."

"दोनशे तीस."

"आजी, मी काय पोलिस म्हणून फुकट मागतोय का? दोनशे पाच. बायकोला काय सांगू घरी?"

"दोनशे वीस. त्याच्या खाली नाय."

"दोनशे दहा, आणि वर मूठभर चुरा घाला. नाहीतर राहू द्या, मी चाललो."

आणि ते खरोखरच चालू लागले! मोटरसायकलची किल्लीसुद्धा लावली.

हिराबाई दारातून उठल्या. उंबरठा ओलांडून आत गेल्या, आपला पाट ओढून त्यावर बसल्या आणि उजवा हात पदराबाहेर काढला.

"वनिता, बोलव गो त्यांना माघारी," त्या म्हणाल्या. "अन् बाई, शाई कुठं ठेवलीत?"